वलगणीची वाट

जूनचा दुसरा आठवडा होता. दिवसभर आभाळ नुसतंच भरून राहिलं आणि रात्री दहाच्या सुमारास पावसाने जो जोर धरला तो पहाटेपर्यंत सोडला नाही. नालासोपारा पूर्वेला आमच्या इमारतीसमोर घोटाभर पाणी साचलं, वीज गेली. खाली मुलांचा गलका ऐकू आला म्हणून मी बॅटरी घेऊन उतरलो. पेव्हर ब्लॉकवरून पाण्याचा पातळ ओघळ गटाराकडे वाहत होता. त्या ओघळात हातभर लांबीचं काहीतरी काळसर, गुळगुळीत असं उलट्या दिशेने, चढाकडे सरपटत होतं. पाणी इतकं कमी होतं की त्याची पाठ उघडी पडलेली. मुलं "साप, साप" म्हणून ओरडत होती. आमचे वॉचमन काका जव्हारकडचे. त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "साप नाय रे पोरांनो, मरळ हाय ती. वलगण लागली."

त्या मरळीचं पुढे काय झालं ते सांगण्यासारखं नाही. पाच मिनिटांत ती कुणाच्या तरी बादलीत होती. पण मला झोप लागेना. ती मरळ चालली होती कुठे? तिच्या वाटेवर पुढे होतं काय? एक जिना, दोन गाळे, रिक्षा स्टँड आणि त्यापलीकडे रेल्वेचे रूळ.

पहिला मोठा पाऊस पडला की तळ्यांतले, ओहोळांतले, नाल्यांतले मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात. उत्तर कोकणात याला वलगण म्हणतात, दक्षिणेकडे चढणीचे मासे. नाव कुठलंही असो, मामला एकच. भाताच्या खाचरांत नुकतं पाणी भरलेलं असतं. ते उथळ आणि कोमट असतं, त्यात मोठे शिकारी मासे नसतात आणि मातीतून उठलेल्या सूक्ष्म जीवांनी ते गजबजलेलं असतं. पिल्लांना वाढायला याहून चांगली जागा नाही. म्हणून गाबोळीने पोट फुगलेले मासे बांधाच्या तोंडातून, मोरीतून, शेताडीच्या चिखलातून वाट काढत खाचरात शिरतात, अंडी टाकतात आणि पाणी ओसरायच्या आत पुन्हा खोल पाण्याकडे वळतात. आषाढ-श्रावणात पिल्लं तिथेच पोसतात. भाद्रपदानंतर खाचरं आटू लागली की वाहत्या पाण्याबरोबर तीही तळ्यात उतरतात. खवल्या, शिवडे, वाम, मुऱ्या आणि मरळ, सगळ्यांचा पावसाळा थोड्याफार फरकाने असाच जातो.

म्हणजे तळ्यात किती मासे आहेत हे एकट्या तळ्यावर ठरत नाही. तळं, त्याला येऊन मिळणारा ओहोळ आणि ओहोळाच्या वरची शेतं अशी मिळून एक वस्ती असते. तिची एक खोली बंद केली की सगळं घर ओस पडायला लागतं. नालासोपाऱ्यात आपण ती खोली बंद केली. आचोळे आणि तुळिंज ही नावं आज पोलीस ठाण्यांची आणि रिक्षाच्या थांब्यांची म्हणून ऐकू येतात. ती गावं होती, त्यांची खाचरं होती. ती मरळ बहुधा त्याच खाचरांकडे निघाली होती.

या गावाची ओळखच पाण्यातून आलेली आहे. नाळे आणि सोपारे या दोन गावांवरून शहराचं नाव पडलं. त्यातलं सोपारे म्हणजे प्राचीन शूर्पारक. पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी वृत्तान्तात, ‘पेरिप्लस’मध्ये, या बंदराचा उल्लेख आहे. शूर्प म्हणजे सूप. ज्या गावाच्या नावात सूप आहे, त्या गावच्या पोरांनी सुपाने आणि टोपलीने ओहोळातले बारके मासे उपसावेत, हे मला लहानपणापासून फार आवडत आलं आहे. वसई खाडी आणि वैतरणा यांच्या मधला हा सगळा पश्चिमेचा पट्टा एकेकाळी बेट होता आणि जहाजं खाडीतून थेट सोपाऱ्यापर्यंत येत. खाडीचं खारं पाणी आणि तळ्यांचं गोडं पाणी इथे कायम एकमेकांच्या शेजारी राहिलं. म्हणून मरळीबरोबर खाडीतला जिताडा आणि बोयही या गावाच्या ताटात आली.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी सोपाऱ्याला आले. बुरूड राजाचा कोट म्हणून ओळखलं जाणारं टेकाड त्यांनी खणलं, ते स्तूप निघालं. आत दगडी पेटी, तिच्यात करंडक, बुद्धमूर्ती आणि सोन्याची फुलं. याच सुमारास भातेला तळ्याच्या परिसरात त्यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. (नवव्या लेखाचा तुकडा पुढे १९५६ मध्ये जवळच भुईगावला मिळाला.) आठवा लेख कशाबद्दल आहे? पूर्वीचे राजे मौजेच्या सहलींवर जात, शिकार करत. अशोकाने ते सोडून धर्मयात्रा सुरू केली, त्याची ही नोंद आहे. आणि ती मिळाली एका तळ्याच्या आसपास.

अशोकाचा दुसरा एक लेख सोपाऱ्यात नाही, उत्तरेतल्या स्तंभांवर आहे. पण या विषयात तो आठवल्याशिवाय राहत नाही. पाचव्या स्तंभलेखात मारू नयेत अशा प्राण्यांची यादी आहे आणि तीत मासेही आहेत. शिवाय ठरावीक दिवशी, तीन ऋतूंच्या पौर्णिमांना आणि उपोसथाच्या दिवशी, मासा मारू नये आणि विकूही नये अशी आज्ञा आहे. केवटांच्या राखीव पाण्याचाही त्यात वेगळा उल्लेख येतो. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी माशाला सुट्टीचे दिवस ठरवून दिले होते. आज समुद्रात ते आहेत. १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. कोळीवाड्यांत होड्या शाकारून ठेवतात, जाळी विणायला बसतात. पण नेमक्या त्याच दिवसांत, समुद्रापासून चार-पाच किलोमीटर आत, गोड्या पाण्यातला गाभण मासा बांधावर चढताना आपण टिपतो. वलगणीची मजा मीही चाखली आहे. त्या माशांचं चिंच-कोकम घालून केलेलं कालवण, भरगच्च गाबोळी, त्याला तोड नाही. पूर्वी ते चालूनही जायचं. शेकडो खाचरं होती, हजारो मासे चढायचे, शे-दोनशे टोपलीत आले तरी बाकीचे पुढे जायचे. आता वाट एकच उरली असेल आणि तिच्या तोंडाशी दहा जण बादल्या घेऊन उभे असतील, तर हिशेब बदलतो.

मरळीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण या मातीतली ती सगळ्यात चिवट मासळी. गलफडांच्या वर, डोक्यात, तिला एक पोकळी असते. तिच्यात हवा धरून ती श्वास घेते. पाणी गढूळ झालं, कुजलं, आटलं तरी ती पृष्ठभागावर येऊन घोट घेते आणि पुन्हा तळाशी जाते. ओल्या चिखलात कितीतरी वेळ तग धरते. बाजारात पाण्याबाहेर टोपलीत ठेवलेली मरळ दुपारपर्यंत जिवंत असते ती यामुळे.

विणीच्या वेळी ती काठाजवळच्या गवतात थोडी जागा साफ करते. अंडी तरंगतात. मग नर-मादी त्यांची राखण करतात. पिल्लं बाहेर आली की तांबूस-केशरी ठिपक्यांचा एक गोळा पाण्यावर दिसू लागतो. हा गोळा एकसारखा हलतो, फुटतो, पुन्हा जुळतो, जणू पाण्याला उकळी फुटली आहे. त्याच्या हातभर खाली, अंधारात, आई-बाप असतात. निर्मळच्या बाजूला एका वाडीत मी हे अर्धा तास पाहिलं आहे. बेडूक जवळ आला आणि खालून असा काही तडाखा बसला की बेडूक काठावर फेकला गेला. गळ टाकणाऱ्यांना ही राखण ठाऊक असते. पिल्लांच्या गोळ्यातच गळ सोडला की आई-बाप भुकेने नव्हे, रागाने त्याच्यावर झेपावतात आणि हमखास लागतात. अशी एक मरळ उचलली की ते पाचशे-हजार केशरी ठिपके दोन दिवसांत खवल्यांच्या आणि बगळ्यांच्या पोटात जातात. गळवाल्यांना माझं एवढंच हात जोडून सांगणं आहे. गोळा दिसला तर तो कोपरा सोडा.

वसईच्या पश्चिम पट्ट्यात तळ्याशिवाय आणखी एक जलाशय असतो. त्याचं नाव बाहेरच्या वाचकाला माहीत नसेल: बावखल. विहिरीहून मोठं, तळ्याहून लहान, वाडीच्या मधोमध खणलेलं. बांधीव कठडा नाही, उतरत्या मातीचे काठ, काठावर माड आणि केळी. पूर्वी त्यावर रहाट चालत, पुढे पंप आले. पावसाचं पाणी बावखलात मुरायचं, विहिरींना गोडवा द्यायचं आणि खाऱ्या पाण्याला मागे रेटायचं. पानवेली, सोनचाफा, भाजी, वसईची केळी हे सगळं त्या पाण्यावर. आणि बावखलात मासे असायचेच. कुणी सोडलेले नव्हेत, ओहोळातून आपणहून आलेले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस टँकरचा उपसा आणि बांधकामांची लाट आली, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईची चळवळ उभी राहिली. त्यामागे या पाण्याचीच चिंता होती. तरीही कितीतरी बावखलं डेब्रिज टाकून बुजवली गेली. बुजवलेल्या बावखलाची किंमत जमिनीच्या भावात मोजली जाते, पण त्या जागी दरसाल निपजणारा मासा कुणाच्या सातबाऱ्यावर नव्हता. त्यामुळे तो गेल्याचं दुःखही कुणी नोंदवलं नाही.

३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि त्रेपन्न ग्रामपंचायती मिळून वसई-विरार महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या बारा लाखांवर गेलेली होती. इतक्या माणसांना बसायला, चालायला, श्वास घ्यायला जागा हवी, हे मला मान्य आहे. म्हणून तळ्यांचं सुशोभीकरण झालं की मलाही आधी बरंच वाटायचं. दगडी भिंत, रेलिंग, चालायला ट्रॅक, दिवे, कारंजं. पण भिंत उभी राहिली की तळ्याचा उतार जातो, काठचं गवत जातं. मरळीला अंडी टाकायला जागा राहत नाही, वाम चिखलात शिरू शकत नाही आणि ओहोळाचं तोंड पाइपात जातं. अशा तळ्यात दिसणारे मासे मग आपण सोडलेले असतात.

सोडलेले म्हणजे बहुतेक रोहू, कटला, मृगळ. हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. साचलेल्या पाण्यात ते वाढतात, पण वीण करत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. १९५७ पर्यंत त्यांचं बीज नद्यांतून गोळा करावं लागे. त्या वर्षी १० जुलैला ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन कार्प माशांची वीण घडवून आणली. आज तो दिवस मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. फार मोठं काम ते, लाखो घरांत त्यामुळे स्वस्त मासा पोचला. पण आपल्या तळ्यापुरता त्याचा अर्थ असा की दरवर्षी बीज विकत आणून सोडायचं, वाढलं की काढायचं. एक वर्ष बीज पडलं नाही की तळं रिकामं. ही मासळीची वस्ती नव्हे, भाडेकरूंची चाळ आहे.

आणि जे आपोआप वाढतं ते तिलापिया, आपल्या बाजारातली चिलापी. आफ्रिकेतली ही जात १९५२ मध्ये भारतात आणली गेली. चक्रेश्वर तळ्याच्या काठी, जिथे जुन्या मंदिरात ब्रह्मदेवाची ती देखणी उभी मूर्ती आहे, सकाळी कणकेचा गोळा लावून गळ टाकला तर बहुतेक वेळा चिलापीच लागते असा तिथे बसणाऱ्यांचा अनुभव आहे. एकदा एका आजोबांनी गळावरून मादी सोडवली आणि ती माझ्यापुढे धरली. तिने तोंड उघडलं आणि त्यातून तांदळाच्या कणीएवढी पिल्लं भुळुभुळु त्यांच्या तळहातावर सांडली. चिलापीची मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते. तिला खाचर नको, ओहोळ नको, गवत नको. दोन-तीन महिन्यांत ती विणीला येते आणि वर्षातून कितीतरी वेळा विते. आजोबांनी हात पाण्यात बुडवून पिल्लं सोडून दिली. मासा पिशवीत गेला. मी काही बोललो नाही. गरिबाच्या घरचं कालवण आहे ते, आणि चिलापीला दोष देण्यात अर्थ नाही. जिच्यासाठी सगळ्या खोल्या बंद केल्या तिने घर सोडलं आणि जिला एकच खोली पुरते ती राहिली, इतकंच झालं. परदेशी मांगूरचं मात्र तसं नाही. त्या अधाशी माशाच्या पैदाशीवर केंद्राने २००० सालीच बंदी घातली आहे. तो तळ्यात शिरला तर स्थानिक माशांची अंडीसुद्धा शिल्लक ठेवत नाही.

उन्हाळ्यात पहाटे पाचच्या सुमारास एखाद्या भरवस्तीतल्या तळ्यावर जा. पाणी हिरवंगार, वाटाण्याच्या पातळ आमटीसारखं, आणि काठाकाठाने शेकडो तोंडं पृष्ठभागावर उघडझाप करताना दिसतील. लोक म्हणतात, मासे खेळतायत. ते गुदमरत असतात. सांडपाण्यातला, साबणातला, निर्माल्यातला फॉस्फरस शेवाळ पोसतो. शेवाळ दिवसा प्राणवायू देतं आणि रात्री स्वतःच घेतं, त्यामुळे उजाडण्याच्या आधीचा तास सगळ्यात वाईट. त्यात पाणी तापलं की मुळातच त्यात प्राणवायू कमी मावतो. मग एखाद्या ढगाळ सकाळी पांढऱ्या पोटांची रांग काठाला लागते आणि कुणीतरी विष टाकलं अशी बोंब उठते.

फॉस्फरसचं हे प्रकरण कळलं ते दूर उत्तरेच्या एका रानात. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताच्या वायव्य भागात, माणसांची वस्ती नाही अशा जंगलात, १९६८ मध्ये ५८ लहान सरोवरं फक्त अभ्यासासाठी राखून ठेवण्यात आली. १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर यांच्या चमूने २२६ क्रमांकाच्या सरोवरात मधोमध पडदा लावला. एका बाजूला कार्बन आणि नायट्रोजन टाकलं, दुसऱ्या बाजूला त्याच दोन्हींबरोबर फॉस्फरस. फॉस्फरसची बाजू हिरवी झाली, दुसरी नाही. विमानातून काढलेल्या त्या छायाचित्रामुळे कितीतरी देशांतले साबणाचे कायदे बदलले. तिथलाच दुसरा प्रयोग मला अधिक अस्वस्थ करतो. २००१ ते २००३ असे तीन उन्हाळे २६० क्रमांकाच्या सरोवरात गर्भनिरोधक गोळ्यांमधलं कृत्रिम संप्रेरक सोडलं गेलं, तेही सांडपाण्यात सापडतं तितक्याच सूक्ष्म प्रमाणात. नर माशांची मादीकडे झुकणारी घडण होऊ लागली आणि तिथल्या एका लहान माशाची संख्या जवळजवळ शून्यावर आली. पाण्यावर मेलेले मासे तरंगले नाहीत, बोंब उठली नाही. पुढची पिढी आलीच नाही. कॅनडातल्या त्या सरोवराभोवती एकही घर नव्हतं. आपल्या तळ्यांभोवती सात-सात मजल्यांच्या ओळी आहेत.

मासे मोजता येतात. डेन्मार्कच्या पीटरसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खाडीतल्या माशांना खुणा बांधून जी रीत सुरू केली, तीच आजही वापरतात. समजा तळ्यातून शंभर मासे पकडले, परांना बारीक खूण केली, सोडले. आठवड्याने पुन्हा पन्नास पकडले आणि त्यात दहा खुणेचे निघाले. म्हणजे पाचांत एक खुणेचा, तर तळ्यात साधारण पाचशे मासे. याला फार पैसा लागत नाही. एक पाग टाकणारा जाणता माणूस, एक वही आणि जवळच्या महाविद्यालयातली प्राणिशास्त्राची दहा मुलं पुरतील. जातवार मोजायचं: मरळ किती, शिवडे किती, चिलापी किती. दरवर्षी ज्येष्ठात आणि कार्तिकात. चक्रेश्वर, निर्मळचं तळं, दोन-चार बावखलं, एवढ्यापासून सुरुवात करावी असं मला कळकळीने वाटतं. निर्मळला कार्तिकात यात्रा भरते, हजारो लोक तळ्याकाठी येतात. तिथे एका फळ्यावर या वर्षीचा आकडा लिहिलेला असावा.

ज्या १० जुलैला मत्स्यशेतकरी दिन असतो, त्याच तारखेला २०१८ मध्ये नालासोपारा स्थानकातले रूळ पाण्यात होते, गाड्या खोळंबल्या होत्या आणि वसईच्या मिठागरांत शेकडो माणसं अडकली होती. पुढे महापालिकेने निरी आणि आयआयटी यांच्या तज्ज्ञांची समिती नेमली. पाणी थोपवून धरणाऱ्या तळ्यांची चर्चा तेव्हापासून चालू आहे. अशी तळी खणली जातील तेव्हा त्यांचा एक काठ तरी मातीचा, उतरता आणि गवताचा ठेवावा. माणसाला पुरापासून वाचवणारी जागा आणि माशाला विणीला लागणारी जागा एकच असू शकते. पूर्वी ती एकच होती. तिला खाचर म्हणत.

या वर्षी पहिला पाऊस लागला त्या रात्री मी पूर्वेला पेल्हारच्या बाजूला गेलो. तुंगारेश्वरच्या डोंगरातून उतरणारं पाणी तिथे धरणात अडतं, पण आसपासचे लहान ओहोळ अजून मोकळे आहेत आणि त्यांच्या कडेला थोडी भातशेती टिकून आहे. ओळखीतल्या एका वारली कुटुंबाचं खाचर आहे तिथे. बांधाच्या तोंडाशी बांबूच्या कामट्यांचा सापळा तयार होता, पण लावलेला नव्हता. काठावर पालथा ठेवलेला. घरातला मोठा मुलगा बॅटरी मारत होता आणि आजी छत्री घेऊन दगडावर बसली होती. आधी खवल्या चढल्या, चांदीच्या पैशांसारख्या चमकत. मग दोन शिवडे. मग बराच वेळ काही नाही. आणि मग पाण्याला एक जाड वळी पडली आणि मरळ आली. बांधाच्या तोंडात पाणी कमी होतं. ती अर्धी बाहेर, डोकं टेकवून थांबली, श्वास घेतला, शेपटी आपटली, घसरली, पुन्हा वर आली.

"आजी, लावू का आता?" मुलाने विचारलं.

"आज नको. पहिल्या रातीला नाय लावत."

तिसऱ्या खेपेला ती आत गेली. मुलाने बॅटरी विझवली. खाचरातून नुसता पाण्याचा आवाज येत राहिला.